बंद गाडीला तोंड काय नि पाठ काय

हे वाक्य माझंच आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, काकांच्या खळ्यात, हातात मेझर टेप आणि डोक्यात लो-बेडचं, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या बुटक्या ट्रेलरचं, भाडं घेऊन उभा असताना मी ते बोलून गेलो. काकांची बंद पडलेली जुनी लष्करी गाडी विकली होती, ती खळ्यातून बाहेर काढायची होती. काका म्हणत होते की गाडी आधी इथेच फिरवून घेऊ, पाठमोरी नको बाहेर काढायला. गाडीचं तोंड घराकडे होतं, मागचा भाग वाटेकडे. फिरवायची म्हणजे जेसीबीचे दोन तास जास्त, कडेचा गडगा थोडा उतरवायला लागणार, एक पोफळ आडवी येणार, आणि सरळ मागे ओढली तर पंधरा मिनिटांत गाडी वाटेवर. म्हणून म्हणालो, "काका, बंद गाडीला तोंड काय नि पाठ काय." काकांचा हात मडगार्डवर होता. तो त्यांनी काढून घेतला आणि आत जाऊन पाण्याची कळशी आणून जेसीबीवाल्या पोराला पाणी दिलं. भांडले असते तर बरं झालं असतं. गेले दोन महिने हे वाक्य माझ्या डोक्यात फिरतंय, मुख्य म्हणजे माझ्याच आवाजात.

गाडी म्हणजे शक्तिमान. ज्यांच्या घरात कोणी ना कोणी फौजेत होतं त्यांना हे नाव सांगायला नको, आणि गुहागर, चिपळूण, खेड, दापोली या पट्ट्यात अशी घरं काय कमी आहेत, दापोलीला तर जुनी माणसं अजून कॅम्प म्हणतात. जर्मनीच्या मॅन कंपनीचा ट्रक, १९५९ पासून जबलपूरला बनायला लागला, आणि पुढे ६५ आणि ७१ दोन्ही लढायांत धावला. काका फौजेत ड्रायव्हर होते. ७१ ला ते अगदी कोवळे होते आणि त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत, फक्त रात्री दिवे न लावता, पुढच्या गाडीच्या मागच्या डिफरन्शिअलवर, म्हणजे मागच्या चाकांमधल्या लोखंडी गोळ्यावर, पांढरा रंग मारलेला असतो तेवढाच बघत गाडी चालवायची, एवढं एकदा सांगितलं होतं. पेन्शनीत आल्यावर त्यांनी पुण्याकडे लष्करी लिलावात ही गाडी घेतली. पहिलं काम म्हणजे रंग बदलणं, कारण तो लष्करी हिरवा रंग सिव्हिलच्या गाडीला मारायला कायद्याने बंदी आहे. मग ती आमच्या डोळ्यादेखत तपकिरी झाली, नंतर कधीतरी निळी. पण पुढच्या बंपरवरचा एक पिवळा गोल काकांनी कधी बुजवू दिला नाही. फौजेच्या गाडीवर त्या गोलात काळा आकडा असतो, पुलासाठी. पुलाच्या तोंडाशी पण तसाच आकडा लावलेला असतो, गाडीचा आकडा पुलाच्या आकड्यापेक्षा मोठा असेल तर थांबायचं, आत कोण बसलंय ते बघायचं नाही. रंगारी आला की काका स्वतः ब्रश घेऊन तो गोल पुन्हा काढायचे, आकडा मात्र हळूहळू बोळका होत गेला, शेवटी नुसता एक काळा डाग.

तिच्यातून आम्ही काय काय आणलं असेल. किंजळ, ऐनाचे ओंडके, जांभ्याचे चिरे, लग्नाची वऱ्हाडं, एकदा आख्खं भजनी मंडळ. पावसाळ्यात लाल चिखलात बाकीच्या गाड्या रुतून बसायच्या तेव्हा ही चारी चाकांनी खेचत वर यायची आणि आम्ही पोरं मागे फाळक्याला धरून उभे. त्या हौद्याचा वास अजून नाकात आहे, डिझेल, भिजलेलं गोणपाट आणि ताज्या कापलेल्या लाकडाचा चीक, असा तिन्हींचा मिळून. २००५ च्या जुलैमध्ये चिपळुणात पाणी भरलं तेव्हा काकांनी ती पाण्यात घातली होती. किती माणसं बाहेर काढली ते त्यांनी मोजलं नाही, सांगताना ते एवढंच सांगायचे की पंख्याचा पट्टा उतरवून घातली, नाहीतर पंखा पाणी इंजिनवर मारतो. नंतर कधीतरी पंप गेला, पार्ट मिळेना, मग गुडघे गेले, मग लायसन. मांगराशेजारी, फणसाखाली उभी राहिली ती राहिलीच. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण परत बुडालं, पहिल्या मजल्यापर्यंत पाणी, तेव्हा काकू सांगते की हे पहाटेपासून त्या बंद गाडीच्या केबिनमध्ये जाऊन बसले होते आणि जेवायलासुद्धा उतरले नाहीत.

अशा गाडीबद्दल मी ते वाक्य बोललो.

विकायचं काकांनीच ठरवलं. कराडच्या पुढे एक जण जुन्या लष्करी गाड्या घेऊन परत उभ्या करतो, त्याने फोटो बघून हो म्हटलं, लो-बेडही त्याने पाठवला, पण त्याची एकच अट होती, गाडी डांबरी रस्त्यावर आणून द्यायची. कारण आमच्या वाडीच्या वाटेवर एक छोटा पूल आहे, आम्ही अजून त्याला साकवच म्हणतो जरी आता सिमेंटचा असला तरी, आणि त्यावर ट्रेलर घालायला कोणीच तयार नव्हतं. बरोबरच आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडला सावित्रीवरचा जुना पूल रात्रीत गेला, दोन एसट्या माणसांसकट गेल्या, तेव्हापासून आमच्याकडे पूल म्हटला की माणूस खाली वाकून बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

बंद गाडी हलवणं हे चालू गाडी चालवण्यापेक्षा वेगळंच शास्त्र आहे आणि मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. मला वाटलेलं साखळी अडकवायची आणि ओढायची. चाकं वीतभर मातीत गेलेली, टायर भेगाळलेले. शृंगारतळीहून मेकॅनिक आला, त्याने आधी चारी चाकं जॅकवर घेऊन एकेक फिरवून बघितलं. तीन फिरली, मागचं डावं हलेना. ब्रेक शू ड्रमला गंजून चिकटलेला, आपल्या खाऱ्या हवेत दुसरं काय होणार. अ‍ॅडजस्टर ढिला करून, डिझेल सोडून, ड्रमच्या कडेने लाकडी ठोकळा ठेवून हातोड्याने टक टक टक टक करत तो पाऊण तास बसला होता, आणि मग आतून एक बारीक कुरकुर आली, सुकलेली करवंटी फुटावी तशी, आणि चाक फिरलं. काका म्हणाले, सुटलं. मग प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकांकडे नेणारे दांडे, काढले, पुढचा आणि मागचा दोन्ही. चार चाकी ओढीचा दांडा अडकून बसलेला, आणि इंजिन बंद असताना चाकांनी गिअरबॉक्स उलटा फिरवला तर आत तेल उडत नाही, कोरडाच घासत राहतो. पण शाफ्ट काढला की गिअरमध्ये टाकून ठेवलेली गाडीसुद्धा मोकळी होते, तिला कशाचाच आधार राहत नाही. म्हणून शाफ्टच्या नटाला पाना लावायच्या आधी काकांनी चारी चाकांना पुढून मागून दगड लावून घेतले, स्वतः पायाने ठोकून बघितले.

"ओढायला कोणीपण ओढेल," काका म्हणाले, "थांबवणार कोण?"

हे मला तेव्हा नीट कळलं नाही. लहानपणी शिमग्यात होळी आणताना बघितलं होतं खरं तर. रानातून तोडलेलं ते एवढं थोरलं झाड खांद्यावर घेऊन गडी पळत यायचे, हाकाट्या, ढोल, सगळ्यांचं लक्ष पुढच्या बाजूला, आणि उतारावर आलं की मागच्या टोकाला चार-पाच वयस्क माणसं निमूटपणे दोर धरून टाचा रोवायची. काका कायम त्या मागच्या दोराला असायचे. आम्हाला वाटायचं म्हातारपणामुळे त्यांना पुढे घेत नाहीत. तेव्हा ते चाळिशीचे होते.

आमच्या घरापासून साकवापर्यंत उतार आहे. दोर किंवा साखळी लावून उतारावर बंद गाडी ओढली तर ती ओढणाऱ्याच्याच अंगावर जाते, म्हणून तिथे जाड लोखंडी पाइपचा टो-बार लावला, म्हणजे जेसीबी ओढूही शकतो आणि अडवूही. साकवावर मात्र उलटं. तिथे सपाट आहे पण पाइप लावला तर जेसीबी आणि गाडी दोन्हींचं वजन एकदम पुलावर येणार, म्हणून पाइप काढून लांब वायर रोप लावायचा, जेसीबी पलीकडे उतरून उभा राहणार आणि मग गाडी एकटी पुलावरून येणार, दोन पोरं मागे ठोकळे घेऊन. हे सगळं काकांनी खळ्यात मातीवर काडीने रेघा मारून समजावलं. वायर ताणली की तिच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, आणि मधोमध तिच्यावर ओलं गोणपाट टाकायचं, तुटली तर चाबकासारखी येते, गोणपाट तिला खाली पाडतं. त्यांनी एवढं सगळं सांगितलं. फक्त पाठमोरी का नको हे सांगितलं नाही, कारण मी ते वाक्य बोललो होतो आणि त्यानंतर त्यांनी तो विषयच काढला नाही. गाडी पाठमोरीच निघाली.

स्टिअरिंगवर ते स्वतः बसले. मी नको म्हणत होतो, पंच्याहत्तरी ओलांडलेली, गुडघे असे. त्यांनी ऐकलं नाही. दोन पायऱ्या चढायला त्यांना पाच मिनिटं लागली आणि बसल्यावर त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला, जो ब्रेक लागत नाही हे त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं.

आता मला माहीत आहे की गाडी मागच्या बाजूने ओढली की पुढची चाकं आपली आपण वळायला बघतात. पुढे जाताना ती सरळ व्हायला बघतात, उलट्या दिशेने जाताना ती एका बाजूला पडायला बघतात, आणि एकदा का एखादा दगड लागला की स्टिअरिंग असं फटकन फिरतं की धरणाऱ्याचा हात त्यात सापडतो. उतार संपता संपता, पाखाडीचा एक चिरा वर आलेला होता, त्याला उजवं चाक लागलं. मी बाजूने चालत होतो. स्टिअरिंग अर्धं गरकन फिरलेलं मी बघितलं आणि काकांचं तोंड बघितलं. ओरडले नाहीत. "रोको, रोको," एवढंच, फौजेतल्या हिंदीत, आणि जेसीबी थांबेपर्यंत त्यांनी ते चाक सोडलं नाही. उजव्या हाताचा अंगठा मुळाशी काळानिळा व्हायला लागलेला. आम्हाला शिकवताना पहिल्या दिवशी त्यांनी हेच शिकवलं होतं, स्टिअरिंगच्या आत अंगठा घालायचा नाही, वरून ठेवायचा. बघितलं तर अंगठा वरच होता की आत ते मला कळलं नाही, आणि विचारायची हिंमत नव्हती. बर्फ नव्हता म्हणून काकूने त्याला पंचा गुंडाळून वर आंबे थंड करायला ठेवलेलं पाणी ओतलं. ते परत चढून बसले.

साकवावरून गाडी एकटी आली तेव्हा वाडीतली सगळी माणसं दोन्ही काठांना उभी होती आणि कोणी बोलत नव्हतं. बंद गाडीला आवाज नसतो. इंजिनचा आवाज नसला की बाकीचे सगळे आवाज ऐकू येतात, टायरखाली खडी चिरडल्याचा, स्प्रिंगच्या पाट्यांचा करकर, सैल फाळक्याची साखळी, ओल्या गोणपाटातून वायरीवर गळणारं पाणी. आणि काकांचं दर दोन फुटांना "आस्ते. आस्ते."

डांबरीला पोचलो तर लो-बेडचा ड्रायव्हर खाली उतरून गाडीकडे बघत उभा. कराडकडचा माणूस. "पाव्हणं, उलटी चढवायची व्हय? नगं नगं." मग त्याने पाढा वाचला. बॉनेटचा खटका तुटलेला, ते कसंही नेलं तरी दोरीने बांधावंच लागणार. हौद्याच्या ताडपत्रीचं तोंड वाऱ्याला येणार, ती फुगणार. आणि इंजिनचं वजन ट्रेलरच्या शेपटाला गेलं की हॉर्सवर, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीवर, वजन राहत नाही, कुंभार्ली घाटाच्या चढाला हॉर्सची चाकं जागच्या जागी फिरतात. मी काकांकडे बघितलं. ते केबिनमध्येच बसले होते, काचेतून समोर, म्हणजे आमच्या घराच्या दिशेला बघत. त्यांना हे सगळं माहीत होतं. मी ऐकून घेतलं असतं तर त्यांनी कालच सांगितलं असतं.

मग भर रस्त्यात गाडी फिरवली. गुहागरहून येणारी एसटी थांबली, माणसं उतरून मदतीला आली, कंडक्टरसुद्धा, जेसीबी एकदा या टोकाला एकदा त्या टोकाला, पाच वेळा मागेपुढे करून सव्वा तासात तिचं तोंड ट्रेलरकडे झालं. खळ्यात ती सावलीत फिरली असती. चढवणं त्यामानाने शांतपणे झालं, लो-बेडच्या मानेवरची विंच, मध्ये कप्पी टाकून वायर दुहेरी केलेली, म्हणजे जोर कमी लागतो पण गाडी गोगलगायीसारखी चढते, आणि प्रत्येक वीतभर चढीला मागच्या दोन पोरांनी ठोकळा पुढे सारायचा. साखळ्या बांधताना ड्रायव्हरने नुसती चासी नाही बांधली, चारी कोपऱ्यांतून अ‍ॅक्सलला बांधली, नाहीतर पाट्यांवर गाडी खालीवर होत राहते आणि साखळी सैल पडते. एके ठिकाणी साखळीने घासून निळा रंग उडाला, त्याखाली तपकिरी, आणि त्याखाली नखाएवढा तो जुना हिरवा. काकांनी डाव्या हाताच्या बोटाने त्याच्यावरची धूळ पुसली. उजवा हात पंचात होता.

काकू नारळ घेऊन आली होती, हळदकुंकू, पाच तांदळाचे दाणे. कुठलीही गाडी गावाबाहेर लांब जायची तर आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात, आणि या गाडीच्या प्रत्येक फेरीला काकांनी ते घातलेलं मी लहानपणापासून ऐकलंय, आम्ही पोरं मागून जोरात "होय म्हाराजा" करायचो. काकू नारळ पुढे करत म्हणाली, घाला गाऱ्हाणं. काका म्हणाले, "राहू दे. बंद गाडीला तोंड काय नि पाठ काय."

अजिबात टोमणा नव्हता त्यात. माझ्याकडे बघितलंही नाही. मला तेच सहन होत नाही, की ते त्यांनी मान्य केल्यासारखं म्हटलं.

नारळ मीच फोडला. गाऱ्हाणं मला येत नाही, अर्धंमुर्धं जे आठवत होतं ते म्हटलं, बा देवा म्हाराजा, ही गाडी घाट चढून सुखरूप जाऊ दे, आणि एसटीतली माणसं, जेसीबीवाला पोरगा, तो कराडचा ड्रायव्हर, सगळे "होय म्हाराजा" म्हणाले. काकांचा आवाज त्यात होता का ते मला ऐकू आलं नाही.

मी लो-बेडच्या केबिनमध्ये बसून बरोबर गेलो. मार्गताम्हाण्याला थांबून साखळ्या परत आवळल्या, पहिल्या काही किलोमीटरला त्या सैल पडतातच म्हणे. चिपळूणजवळ कोकण रेल्वेची रो-रो आठवली. १९९९ ला कोलाड ते वेर्णा सुरू झाली तेव्हा काका मला मुद्दाम स्टेशनवर घेऊन गेले होते. वाघिणींवर ट्रक ओळीने उभे, ड्रायव्हर केबिनमध्ये पाय वर करून झोपलेले, एक जण स्टोव्हवर चहा करत होता. मला वाटलं काकांना मजा वाटेल, पण ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, चाकं फिरत नाहीत आणि गाडी चाललीये, बरं नाही वाटत. पिंपळी, शिरगाव, पोफळी करत आम्ही कुंभार्ली चढायला लागलो तेव्हा अंधार पडला होता, वळणावर मागे बघितलं की आमच्याच मागच्या दिव्यांच्या तांबड्या उजेडात तिचं बॉनेट दिसायचं, नायलॉनच्या दोरीने बांधलेलं, आमच्याकडे तोंड करून. काळोखात मागून येतीये असंच वाटायचं.

पहाटे कराडच्या पुढे त्या माणसाच्या आवारात पोचलो. हायड्रा क्रेन तयार होता. त्यांनी ती उतरवून लगेच एका कडेला, भिंतीकडे तोंड करून सारली, बाकीच्याही सगळ्या तशाच उभ्या होत्या. मी म्हणालो, फिरवून ठेवा. मालक म्हणाला इंजिन काढायला अशीच सोयीची आहे, आणि फिरवायची तर हायड्राचा तास वाढेल. मी म्हटलं तो मी देतो. का म्हणून त्याने विचारलं, मी म्हटलं अशीच ठेवायची असते. पैसे दिले, ती फिरेपर्यंत उभा राहिलो, फोटो काढला नाही.

घरी फोन केला तेव्हा सात वाजले होते. काकांनीच उचलला. मी विचारलं अंगठा कसाय, डॉक्टरकडे गेलात का.

"अंगठ्याचं सोड रे," ते म्हणाले, "तोंड कुठं केलंत तिचं?"

"रस्त्याकडे."

थोडा वेळ काहीच आलं नाही. मग त्यांनी फोन काकूकडे दिला.